दुसरा पिंगळा

छर्रा लागला आणि पिंगळा सागावरून खाली आपटला. खाणीच्या मुकादमाने, भिकनने, त्याला पंखाला धरून पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या वैजयंताबाईंच्या तोंडासमोर झुलवलं. "घ्या बाई, आता हातात घेऊन सांगा. साधा, का तुमचा तो रानपिंगळा?"

महिनाभर वैजयंताने हाच धोशा लावला होता. या डोंगरावर रानपिंगळा आहे, दुर्मिळ आहे, खाणीसाठी एक झाड तोडू देणार नाही. काम अडलं होतं ते तेवढ्यावरच.

तिने पक्ष्याचं डोकं चाचपलं. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं जवळजवळ कोरं होतं. अंग अजून गरम होतं.

"रानपिंगळाच आहे."

"होता म्हणा." भिकनने तो हिसकावला आणि मजुरांच्या पेटत्या चुलीत टाकला. ती त्याच्या अंगावर धावली, तसा बंदुकीचा दस्ता तिच्या जबड्यावर बसला.

तेवढ्यात वरच्या ढोलीतून जोडीची मादी ओरडली. भिकनने नवा छर्रा भरला. "हा कोणता? तुम्हाला आवाजावरून कळतं म्हणे."

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ती रक्त थुंकली.

"साधा. गावात फिरतो तोच. एकच होता माझा, तो तू जाळलास. तोड आता झाडं."

भिकन हसला, बंदूक खांद्याला अडकवून करवतवाल्यांना हाका मारायला लागला. करवत सुरू होताच मादी ढोलीतून निघाली आणि सरळ पलीकडच्या डोंगरात शिरली. त्याने मान वर केली नाही. वैजयंताने जबडा दाबून धरत तो डोंगर नीट पाहून ठेवला.