पुन्हा वाचा

संगणकाला माणसासारखं बोलायला शिकवायचं तर वाक्यात कुठे थांबायचं ते आधी दाखवावं लागतं. निवेदककाका महिनोन्महिने वाक्यं वाचत होते. ते थांबतील तिथे मी कागदावर लाल रेघ मारायचे. भलत्याच जागी थांबले, की मी समासात लिहायचे, ‘पुन्हा वाचा’. बिचारे ते कागद सरावाला घरी न्यायचे आणि निमूट पुन्हा वाचायचे. काका गेल्यावर महिन्याने काकू ऑफिसात आल्या. मी यंत्र सुरू केलं. काकांच्या आवाजातलं लांबलचक वाक्य हवं तिथेच थांबत, धाप न लागता पार पडलं. “छान जमलंय,” म्हणत काकूंनी पिशवीतून त्याच कागदांचा गठ्ठा काढला. मार्चच्या पानावर दहा-दहा शब्दांनी रेघ होती. जूनच्या पानावर तीन-तीन शब्दांनी, आणि ओळीओळीसमोर माझंच अक्षर. “फुप्फुसाचं दुखणं डॉक्टरांना सप्टेंबरात सापडलं,” काकू पानावरून बोट फिरवत म्हणाल्या. “पोरी, तुला तर जूनमध्येच ऐकू आलं होतं.”