भैरोबाचं कासव

राकेशचा उजवा हात धुण्याच्या दगडावर दाबून धरायला तिघं लागले. सावळेरामच्या हातात अंबाबाईचं धोपाटणं होतं. ते त्यानं हिसकावून घेतलेलं नव्हतं, अंबाबाईनंच आपणहून काढून दिलं होतं. पहिला घाव बसला तेव्हा काठावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. अंबाबाईनं फिरवली नाही.

"मोड मेल्याची बोटं," ती म्हणाली. "जाळं टाकलं ना ह्याच बोटांनी?"

भैरोबाच्या देवळाखाली कुकडी नदीला डोह आहे आणि त्या डोहात परातीएवढं एक जुनं कासव. धुणं धुवायला आली की अंबाबाई त्याला कणकेचे गोळे टाकायची. सुनेशी तिचं दोन वाक्यांच्या वर पटायचं नाही, पण कासवाशी ती तासभर बोलायची. आज गोळे पाण्यात तसेच विरघळले. तिनं मान वर केली, तर आळे गावचा राकेश मोटारसायकलला किक मारत होता आणि मागं बांधलेलं पोतं हलत होतं. तिनं अशी बोंब ठोकली की अख्खी वाडी धावत आली. गाडी आडवी पाडली, पोतं खडीवर आपटलं. आधी राकेश म्हणाला, मासे आहेत. कानशिलात बसल्यावर म्हणाला, एका मांत्रिकानं कासव मागितलंय, पैशाचा पाऊस पाडून देणार आहे. मग त्याला फरफटत डोहावर आणलं, मागोमाग पोतंही.

उजव्या हाताची बोटं संपल्यावर सावळेरामनं डावा हात घेतला. त्या हाताची दोन मोडली आणि मग तो दमला. राकेश ओरडायचा थांबला होता. दगडावर साबणाचा फेस होता, तो लाल झाला.

कुणीतरी विळ्यानं पोत्याची सुतळी कापली आणि पोतं उलटं केलं. कासव बाहेर पडलं ते पाठीवर. खडीवर आपटल्यानं त्याची एक कड फाटली होती, तिथून रक्त येत होतं. मान लांब काढून, खडकाला टेकवून ते उलटायला बघत होतं. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं मान नुसतीच बाहेर टाकली.

सोडा की आता त्याला, असं चार जण म्हणाले. पुढं मात्र कुणी आलं नाही.

वाडीचा नेम होता. डोहातल्या कासवाला कुणी हात लावायचा नाही. कुणी काढलंच, तर ज्यानं काढलं त्यानंच आपल्या हातांनी परत सोडायचं. दुसऱ्याचा हात लागला की भैरोबा कोपतो. नेम सगळ्यांना तोंडपाठ होता, आठवला मात्र आत्ता. सगळ्यांची नजर राकेशच्या हातांवर गेली.

"उचल," सावळेराम म्हणाला.

राकेश गुडघ्यांवर बसला. तळवे कासवाखाली सरकवले आणि गुरासारखा हंबरला. "बोटं मिटंनात, भाऊ," तो म्हणाला. "खरंच मिटंनात."

एकानं काठीनं लोटू म्हटलं, तर सावळेराम त्याच्या अंगावर धावला. देवाला काठी लावतोस? जुन्नरला वनखात्यात फोन लावला. साहेब म्हणाले, दुपारपर्यंत माणूस येईल, तोवर कुणी हात लावू नका. हे ऐकून काहींना बरंच वाटलं. ऊन चढत होतं. बायका कळशीनं पाणी ओतत होत्या, पण ते उलट्या पडलेल्या कासवाच्या पोटावरून वाहून जात होतं. त्याचा जबडा उघडत होता, मिटत होता, मग नुसता उघडा राहिला.

अंबाबाईला आता सावळेरामचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. तिनं लुगडं खोचलं आणि राकेशच्या पाठीमागून वाकून त्याला कवेत घेतलं. त्याचे दोन्ही हात कासवाखाली सरकवले आणि त्यांच्याखाली स्वतःचे घातले.

"तुझं हात वर, माझं खाली," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "म्हंजी तूच सोडलं."

राकेशला कळलं आणि तो रडायला लागला. नको मावशी, नको, म्हणाला.

तिनं उचललं. सगळा भार त्याच्या मोडक्या बोटांवर आला. आतली हाडं सरकलेली तिच्या तळव्यांना कळली. तो किंचाळला, पाय झाडायला लागला. तिला त्याची कीव आली, पण तिनं हात सैल केले नाहीत. बाळंत होणाऱ्या बाईला दाई धरते तसं तिनं त्याला मागून घट्ट आवळलं आणि ढकलत पाण्यात नेलं. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर कासव त्याच्या हातांवरून घसरलं आणि दगडासारखं खाली गेलं.

मग डोहाच्या मधोमध एक टोकदार नाक वर आलं, जरा थांबलं आणि पुन्हा खाली गेलं.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!"

लोक एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. सावळेरामच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. देवळाच्या पायरीवर नारळ फुटला आणि सावळेराम स्वतः खोबरं वाटत काठावर फिरू लागला. डोहावरचा प्रसाद हजर असलेल्या कुणालाच वगळत नाही. राकेश दगडावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. अंबाबाई त्याच्या शेजारी बसून पदर फाडत होती. सावळेराम त्याच्यापुढं थांबला आणि खोबऱ्याचा तुकडा पुढं केला, अगदी मायेनं.

राकेशनं वर पाहिलं आणि डावा हात पुढं केला.

सावळेरामनं तुकडा मागं घेतला.

"डाव्या हातात प्रसाद घेत्यात व्हय?" तो म्हणाला. "उजवा कर फुडं."