अकरा सेकंद

“चित्र कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

“चित्र टॅबवर आहे ना, आई. ही खिडकी नुसती उतरवून घेते.”

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती आणि तळाशी दोन आकडे पळत होते: किती वेळ झाला आणि फाईल किती फुगली. सुनेने एकाच ओळीचा आदेश लिहिला होता. प्रक्षेपण कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, आणि मधे एकच ताकीद: येईल तसं घे, हात लावू नकोस.

“काही होतंय असं वाटतच नाही बाई. रिकामं पान मांडून बसल्यासारखं.”

“आकडे पळतायत तोवर पान वाढलं जातंय म्हणून समजा.”

सासरे, म्हणजे सगळ्यांचे बुवा, गाऊन प्रवचन करत. आजचं झालं की उद्या सकाळी घशाची शस्त्रक्रिया. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले होते. सभागृहवाले कार्यक्रम थेट दाखवत, पण साठवून ठेवत नसत. गेला तो गेला. आणि सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती.

“तासाची वेळ लावलीस ना यात?”

“मुळीच नाही. ‘आता आवरतं घेतो’ म्हटल्यावर बाबा पाऊण तास गातात. हातानेच थांबवीन मी.”

सासूबाई खुदकन हसल्या. “पाऊण कसला! त्यांच्या एका आवरत्यात माझी अख्खी बाही विणून झाली होती.” मग चेहरा पडला. “आणि वीज गेली तर गं?”

“तोवरचं सगळं शाबूत राहील. फाईलच तशी निवडलीय. तुम्ही निर्धास्त ऐका.”

सकाळी तिने सभागृहातल्या माइकवाल्याला फोनवरून एक-दोन-तीन म्हणायला लावलं होतं. त्याचे आकडे टॅबवर उमटायला चाळीस सेकंद लागले होते. तिथलं इथे यायचं ते तेवढ्या उशिराने. एवढं सोडलं तर सगळं चोख होतं.

बुवांचा आवाज आज खरखरत होता, पण लागला होता. वाट चुकलेल्या माणसाची गोष्ट सांगता सांगता त्यांनी पद उचललं:

“दिवा विझाला तरी न विझते ओळख अपुल्या दाराची…”

आणि टॅब गप्प झाला.

“बिघडलं! तुझं यंत्र बिघडलं!”

सुनेने तळाशी पाहिलं. आकडे पळत होते. टॅबवर बुवांच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. तार तुटली नव्हती. गप्प बुवाच होते. त्यांची नजर पहिल्या रांगेवर खिळली होती.

सासूबाईंनी ती नजर पाहिली मात्र, प्लास्टरच्या पायासकट पुढे सरकल्या.

“अडलेत. नेहमी इथेच अडतात मेले शब्द. दरवेळी पहिल्या रांगेतून मीच सांगते.” आणि समोर बसलेल्या माणसाला सांगावा तसा त्यांनी टॅबला चरण सांगितला, “वाट चुकावी पायांनी अन्…”

“वाट चुकावी पायांनी अन् हाक मिळावी कोणाची!” बुवा कडाडले. सभागृहात टाळ्या पडल्या.

सासूबाई मागे रेलल्या. “बघितलंस? तोंडातून निघायचा अवकाश, लगेच उचलला. माझ्यावाचून पान हलत नाही त्यांचं.”

चाळीस सेकंद. सासूबाईंनी तोंड उघडलं तेव्हा बुवा तिकडे कधीच पुढच्या कडव्यावर पोचले होते. ही खरी गोष्ट सुनेच्या अगदी ओठांवर आली होती. तिने ती गिळली आणि म्हणाली, “हलेल कसं?”

‘आवरतं’ त्यानंतर बावन्न मिनिटं चाललं. शेवटची टाळी विरल्यावर तिने हाताने थांबवलं. फाईल उघडून पाहिली. पहिल्या खोकल्यापासून सगळं जागच्या जागी होतं.

दुपारी बुवा घरी आले तेव्हा आतल्या खोलीत सासूबाईंचा डोळा लागला होता. बुवांच्या गळ्याला मफलर, हातात वही. शस्त्रक्रियेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. ते खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. सुनेने त्यांना हेडफोन दिला आणि ती जागा लावली.

बुवांनी आपलंच गाणं डोळे मिटून ऐकलं. टॅब गप्प झाला होता तिथे त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग चरण सुरू झाला आणि बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

“अकरा सेकंदांची फट आहे, बाबा,” सून म्हणाली. “मूळ फाईल राहू दे. लोकांना द्यायच्या प्रतीतून ती काढून टाकते. सांधा कुणाच्या बापाला कळायचा नाही.” मग जीभ चावून, “म्हणजे, कुणालाच.”

बुवा आवाज न करता हसले. पण मान ठामपणे हलवली. वही उघडली, आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि दोन वाक्यं लिहून वही तिच्याकडे फिरवली.

‘फट नाही ती. तिथे ही बोलते.’