घासलेले डबे

सरकारच्या निराधार योजनेचा पगार मंजूर करायचा की नाही हे ठरवायला तालुक्याच्या मॅडम घर बघायला येणार होत्या. कौसाबाईनं सकाळीच फळीवरचे अकरा डबे राखेनं घासून लखलखीत केले आणि ओळीनं मांडले. शेजारच्या शेवंताकडून खुर्ची आणि कपबशीही आणली.

“अक्का, त्या गरिबी बघायला येणारेत, नवरी बघायला नव्हं!” शेवंता चिडली.

“म्हणून दारात आलेल्या माणसाला फाटक्या गोधडीवर बसवू व्हय?”

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. घरातली शेवटची साखर घातलेला चहा प्यायल्या. “मावशी, एकट्या असून संसार किती टापटीप ठेवलाय!” डब्यांच्या ओळीकडे बघत त्या म्हणाल्या. त्यांनी एकही डबा उघडून बघितला नाही आणि कौसाबाईनंही काही सांगितलं नाही. नवरा गेल्यापासून तिच्या संसाराला कुणी बरं म्हटलं नव्हतं.

महिन्यानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. कौसाबाईचा अर्ज नामंजूर झाला होता. शेवंतानं कारण वाचून दाखवलं, “घरची परिस्थिती चांगली.” मग तीच तणतणली, “उद्या सगळे डबे घेऊन तालुक्याला जा. उघडून दाव त्यांना!”

घरी येऊन कौसाबाईनं शेवटच्या डब्यातल्या मूठभर कण्या शिजत घातल्या. बाकीचे दहा केव्हाचेच रिकामे होते. मग तो अकरावाही तिनं राखेनं घासला, पदरानं पुसला आणि झाकण घट्ट लावून ओळीत, होता तिथं ठेवला.