पंगत उठेना

“डबा कायले आनला वं? परसाद पंगतीत बसून खायाचा असते, घरी न्यायाचा नाही.”

रिठदच्या भंडाऱ्याचे यजमान बबनराव पंगतीच्या तोंडाशी बसल्या जागेवरून ओरडले. तांड्यावरची मोतीबाई रिकामा डबा घेऊन समोर उभी होती.

“घरवाला पाय मोडून खाटेवर पडला हाय, भाऊ. कालपासून पोटात काही नाही त्याच्या. पुऱ्या अन् थोडी वांग्याची भाजी द्या, बस.”

“मंग त्याले उचलून आन. फुकटचं दिसलं का निघाले तुमचे डबे!”

पंगत हसली. फुकटचं तर तिथं सगळेच खात होते, पण हसायला कोणाचं काय जातं?

मोतीबाई मागे फिरली नाही. ओळीच्या शेवटी रिकामी जागा होती, तिथं जाऊन बसली आणि डबा मांडीशी ठेवला. पत्रावळ आली. पुऱ्या, भाजी, बुंदी, सगळं वाढून झालं. तिनं कशालाच हात लावला नाही.

बाकीची पंगत जेवून मोकळी झाली आणि तिथंच घोडं अडलं. बबनरावांच्या घराण्याचा नियम त्यांनी स्वतःच सकाळपासून भोंग्यावर कोकलून सांगितला होता. पंगत सोबत बसेल, सोबतच उठेल. कोणाचं पान भरलेलं असताना जो उठेल, त्याच्या माथी अन्नाचं पाप. या नियमाचा त्यांना भारी अभिमान.

“जेव ना वं बाई!” कोणीतरी खेकसलं. दोरीपलीकडे पुढच्या पंगतीचे लोक खोळंबले होते, ते शिव्याच घालू लागले. “या तांड्यावाल्याईले बोलावूच नाही!” वाढप्यानं भाजीची बादली तिच्या पानाशेजारी आपटली. मोतीबाई घाबरली होती. पण हलली नाही.

“जेवत नसन तं हाकला तिले!” बबनराव गरजले.

“भरल्या पानावरून?” त्यांच्या शेजारी बसलेले म्हातारे पुंजाजी म्हणाले. “तुमीच उठा मंग पयले. आमी येतो मांगून.”

बबनराव अर्धे उठले. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली, तसे परत खाली बसले. उष्टा हात पार वाळून गेला होता.

“भरा तिचा डबा!” शेवटी ते दात खात म्हणाले. “टळू द्या एकदाची!”

डबा भरला. मोतीबाईनं झाकण दाबून लावलं, ओढून पाहिलं आणि डबा पदराखाली घेतला.

“झालं ना आता समाधान? उठ मंग!”

“कशी उठू, भाऊ?” मोतीबाई म्हणाली. “मी कुठी जेवली अजून?”

आणि पुरीचा लहानसा तुकडा मोडून ती सावकाश चावू लागली.