कोपऱ्यातला बुडबुडा

“डीएनएची नक्कल होताना वाटेत अडथळा आला, की पेशी रेटत नाही, थांबते,” पडद्याकडे बोट दाखवत शाल्मली म्हणाली. “त्याचे उघडे पडलेले धागे कुरतडले जाऊ नयेत, म्हणून आधी त्यांना प्रथिनांनी झाकून घेते.”

लॅबमधले सगळे ऐकत होते. तांबोळी मॅडम मात्र पडद्यावरच्या जेलच्या, म्हणजे डीएनएचे पट्टे दाखवणाऱ्या पातळ थराच्या, फोटोत कोपऱ्यातला हवेचा बुडबुडा बघत होत्या. मागच्या महिन्यात ते जेल ओतताना तो त्यांच्याच हातून राहिला होता. नवा प्रयोग सारखा फसत होता, म्हणून शाल्मलीने तोच जुना फोटो उलटा करून नवा म्हणून लावला होता.

मॅडमची नजर कुठे आहे ते शाल्मलीला दिसलं आणि तिचे कान तापले.

“आज इथेच थांबू,” मॅडम म्हणाल्या. “चला, चहा घेऊन या सगळे.”

खोली रिकामी झाली.

“सगळ्यांसमोर का नाही बोललात?” शाल्मलीने कसंबसं विचारलं.

“कुरतडलं असतं त्यांनी तुला.” मॅडमनी जेल ओतायचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. “पुन्हा कर. या वेळी अडलं, तर मला हाक मार.”

ट्रे रिकामाच होता, तरी शाल्मलीला तो उचलवेना.