टिटवीच्या पाच शर्यती

पाचव्या शर्यतीतही टिटवी शेवटचीच आली, तेव्हा सहदेव परबाने जुहूच्या धावपट्टीकडेला उभ्या उभ्याच ठरवलं, की आता हिचे पंख कापायचे.

टिटवी हे त्याने घरी बांधलेलं विमान. एका माणसापुरतं, लाकडी सांगाड्याचं, वर ताणलेलं कापड आणि नाकात जुन्या मोटारीचं इंजिन. सहदेव गिरणीत फिटर होता. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीला टाळं लागलं, बरोबरीचे लोक भाजीच्या गाड्यांवर गेले. हा मात्र दहिसर नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा मारत बसला. बायको सुगंधाने पंखांचं कापड शिवलं, हाताने, दुहेरी टाक्यांनी. चाळीत लोक हसत. परबांना घरात पंखा नाही आणि निघाले विमान उडवायला, म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं.

सहदेवची नजर अधू, त्यामुळे त्याला वैमानिकाचा परवाना मिळणं शक्य नव्हतं. उडवायचा नंदकिशोर. बोरिवलीचा, बँकेत कारकून, क्लबात उडायला शिकलेला. सरळ गडी. दोनदा मुलीकडच्यांनी पगार विचारला आणि याने आहे तो सांगून टाकला, म्हणून लग्न राहिलं, अशी सुगंधा त्याची चेष्टा करायची.

शर्यत दर जानेवारीत असे. जुहूहून वसईच्या किल्ल्यापर्यंत आणि परत. प्रत्येकाने आपल्या विमानाचा वेग आधी लिहून द्यायचा. कमी वेगाच्याला आधी सोडायचं, म्हणजे शेवटी सगळे जवळजवळ एकत्र पोचावेत. सहदेवने गणित मांडून ताशी दीडशे किलोमीटर लिहून दिले होते. गणित तीनदा तपासलं होतं.

पहिल्या वर्षी टिटवी चार मिनिटं मागे राहिली. दुसऱ्या वर्षी त्याने नाकावरचा लाकडी पंखा नवा कोरला. तिसऱ्या वर्षी इंजिन सगळं खोलून बसवलं. चौथ्या वर्षी वजन वाचवायला बैठकीची गादीसुद्धा काढली, आणि नंदकिशोर बिचारा फळीवर बसून वसईला जाऊन आला. तरी शेवटचाच नंबर. दर वेळी तो खाली उतरे, सहदेवच्या नजरेला नजर देत नसे आणि एकच वाक्य बोले.

“काका, जेवढी जाते तेवढी जाते.”

सहदेवला बक्षिसाचा सोस नव्हता. गिरणीने त्याला भंगारात काढलं होतं. आपल्या हातचं काम अजून खरं उतरतं, एवढंच त्याला एकदा बघायचं होतं. पाचव्या शर्यतीनंतर तेही संपलं. टिटवीच्या परवान्याची मुदत मार्चअखेर सरत होती आणि ती वाढवून घेण्याची उमेद त्याच्यात उरली नव्हती.

टिटवीचे पंख सोडवून, ती टेम्पोतून शेडमध्ये टाकून तो घरी आला आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही, दाढी केली नाही. सुगंधाने ताट पुढे करावं आणि तसंच उचलावं. चौथ्या दिवशी तो उठला आणि करवत घेऊन शेडमध्ये गेला. ती मागोमाग आली. दारात उभी राहिली.

“कापू नकात. तुमच्या इमानात खोट नाय,” ती म्हणाली. “मीच नंदूक शपथ घातलंय, वेग आवरून धर म्हणून. पयल्या शर्यतीपासून. शिवण माझी. ती वर उसवली तर त्येच्या आवशीक काय तोंड दाखवू?”

सहदेवच्या हातातली करवत खाली आली. पाच वर्षं. पाच वर्षं त्याने आपल्या हातांना दोष दिला होता, गणिताला दिला होता, नशिबाला दिला होता. त्याने करवत कोपऱ्यात भिरकावली.

“तुझा तोंड माका बघूचा नाय,” तो म्हणाला.

तिने वाद घातला नाही. दोन लुगडी पिशवीत भरली, भाकरी झाकून ठेवली आणि सकाळच्या एसटीने कुडाळला भावाकडे निघून गेली. सहदेव तिला पोचवायला गेला नाही.

राग खरा होता. पण त्या रागाखाली आनंद होता, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. त्याने दाढी केली. झाकलेली भाकरी सगळी खाल्ली. गणित बरोबर होतं, विमान बरोबर होतं. नंदकिशोर डोळ्याला डोळा का देत नव्हता, तेही आता उमगलं. आठ दिवस तो शेडमधून हलला नाही. मार्चमध्ये नाशिकला एक शर्यत होती आणि परवाना तोवर चालणार होता. त्याने पंखांवरून हात फिरवून शिवण पाहिली. एक टाका ढिला नव्हता. उगाच घाबरली, असं त्याच्या मनात आलं, आणि शर्यत झाली की कुडाळला जाऊन तिला घेऊन यायचं हेही त्याने ठरवून टाकलं.

रविवारी तो बोरिवलीला गेला. त्याला असा तुकतुकीत पाहून नंदकिशोरला बरं वाटलं. काकी कशा आहेत, त्याने विचारलं. गावी गेलीय, एवढंच सहदेव म्हणाला. चहा आला, तो त्याने घेतला नाही. नाशिकच्या शर्यतीचं सांगितलं. वेग तोच लिहून देणार, दीडशे, म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढली.

“नंदू, तुझ्यावर माझा राग नाही. बाईमाणसाने शपथ घातली, तू पाळलीस. आता मीच तुला त्यातून मोकळा करतो. एकदा फक्त इंजिनाचं थ्रॉटल पूर्ण उघड, जाऊ दे तिला पुऱ्या वेगाने.”

 नंदकिशोरला काही उलगडा होईना.

“कसली शपथ?” त्याने विचारलं. “काका, पाचही वेळा थ्रॉटल पूर्णच उघडं होतं.”